जरा तिरकी करून बघ

शनिवारपासून कॉलनीत माझी नवी ओळख झाली आहे: "ते नाही का, ज्यांचं मशीन नानांनी चालू करून दिलं." उजवा खांदा अजून ठणकतोय, पण त्याचं एवढं काही नाही. तो आठवडाभरात बरा होईल.

नाशिकला, मखमलाबादमध्ये, आमच्या रो-हाउसच्या मागे दोनशे चौरस फूट जागा आहे. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे माझी जमीन गुंठ्याचा पाचवा हिस्साही भरत नाही. त्यात मेथी, कोथिंबीर आणि चार ओळी कांदा लावायचा, एवढाच बेत. कुदळीने दोन सकाळी लागल्या असत्या. पण मी पाचशे रुपये देऊन अर्ध्या दिवसाच्या बोलीवर छोटा पॉवर वीडर, म्हणजे माती खणायचं इंजिनवालं मशीन, आणला. दुकानदाराने गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता सगळं शिकवलं: टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल टाका, कॉक उघडा, रबरी फुगा सात-आठ वेळा दाबा, चोक लावा, दोरी ओढा. एकदा 'फट्' झालं की लगेच चोक काढा. आणि एक वाजेपर्यंत आणून द्या.

तिसऱ्या ओढीला 'फट्' झालं. आता फक्त चोक काढायचा होता. नेमका तेव्हाच कंपाउंडवरून आवाज आला, "काय रे, वहिनींचा मिक्सर बिघडला का?"

नाना. वय शहात्तर. ओझरला मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी. लिफ्ट अडकू दे, पाण्याची मोटर जळू दे, कुणाच्या गिझरची ज्योत विझू दे, नाना हजर. आणि पहिलं वाक्य "आमच्याकडे ओझरला". २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं, त्या दिवशी नानांनी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभं राहून सलाम ठोकला होता. समोरून घंटागाडी येत होती. तिच्या ड्रायव्हरनेही सलाम केला.

मी "नाही हो नाना" म्हणेपर्यंत चोक राहिला. तसाच आणखी दहा वेळा मी दोरी ओढली. चोक लावून ओढत राहिलं की इंजिनात पेट्रोल तुंबतं, हे मला आता माहीत आहे.

नाना दुधाची पिशवी घेऊन आत आले.

"पेट्रोल आहे का?"

"आहे."

"पेट्रोलच आहे ना?"

"नाना, पंपावरून आणलंय."

"मग काय सांगता येत नाही. प्लगला करंट येतो?"

"बघितलं नाही."

"मग दोरी कशाच्या जोरावर ओढतोय?"

याला उत्तर नव्हतं. मी ओढली. नाना म्हणाले, एवढा हिसका नको. पुढची हळू ओढली. नाना म्हणाले, जेवला नाहीस का? मग त्यांनी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, टाकीवर दोन टिचक्या मारल्या आणि निदान केलं, "जरा तिरकी करून बघ."

इथे माझ्या पिढीचा घात झाला. आमच्या वडिलांची बजाज चेतक रोज सकाळी तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. ऑफिसच्या वेळेला अख्ख्या गल्लीत बापमाणसं आपापल्या स्कूटरी आडव्या करत असायची, जणू बाळांची ढेकर काढतायत. ते पाहत वाढलेल्या माणसाला कुणी 'तिरकी कर' म्हटलं की डोक्याआधी हात चालतात. मी हँडल धरून मशीन कलवलं. एअर फिल्टरमधून पेट्रोल ठिबकून माझ्या चपलेवर आलं.

"वास येतोय," नाना समाधानाने म्हणाले. "म्हणजे पेट्रोल पोचतंय."

आता प्लग काढून पुसणं आलं, आणि प्लगपाना दुकानातच राहिला होता. म्हणून वीस मिनिटं तसंच ठेवायचं ठरलं. नानांनी दुधाची पिशवी मशीनच्या हँडलला अडकवली आणि चहा सांगितला. बिनसाखरेचा. साखर वेगळी.

चहा पिताना मी विचारलं, "नाना, मिगच्या इंजिनात तुमचं काम नक्की काय होतं हो?"

"इंजिनात?" नाना बशीतून फुर्र करत म्हणाले. "इंजिन आमच्याकडे कुठे! ते कोरापूटला, ओरिसात. आमच्याकडे तयार होऊन यायचं. आम्ही सांगाडा बनवायचो."

"म्हणजे तुम्ही..."

"रिव्हेट. पंखाच्या."

मी काही बोललो नाही. हिने आतून साखरेचा डबा जरा जोरात आपटला, एवढंच.

पुन्हा सुरुवात केली. चोक उघडा, रेस पूर्ण, दोरी. एकतीस वेळा. मोजले, कारण दुसरं हातात काही नव्हतं. साडेअकरा झाले. साधा 'फट्'सुद्धा नाही. शेवटी नाना म्हणाले, "सरक, माझं दूध नासेल," आणि त्यांनी पिशवी काढली. तिचा बंद हँडलवरच्या लाल बटणात अडकला होता. 'टक्' असा आवाज माझ्या कानांनी ऐकला. इंजिन बंद करायचं बटण होतं ते, आणि चहाच्या आधीपासून अर्धा लिटर दूध त्याच्यावर लोंबकळत होतं.

"ओढ आता," नाना म्हणाले.

पहिल्या ओढीला सुरू झालं.

"बघितलंस? हात लावावा लागतो!"

मी ओरडून सांगत होतो, पिशवी, नाना, तुमची पिशवी! नानांनी पिशवी वर करून दाखवली, आहे म्हणाले, आणि गेले. मशीन बंद करून मागे पळायची माझी हिंमत झाली नाही. पुन्हा सुरू झालं नसतं तर? मला फाटकापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. तोवर बातमी डी-विंगला पोचली होती.

त्या पाऊण तासाबद्दल फार बोलत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाने काळी माती टणक झाली होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मी नळी लावून ठेवली होती. वरची दोन इंच चिखल, खाली फरशी. पातींना मातीचे पुरणाएवढे गोळे चिकटले. नाना येताच म्हणाले होते, "वाफसा नाही रे." म्हणजे मातीत मशागतीजोगा बेताचा ओलावा नाही. दिवसभरात त्यांचं तेवढं एकच वाक्य खरं निघालं, आणि तेवढंच मी ऐकलं नव्हतं. मागचा दांडा जमिनीत दाबून धरला की मशीन खोल जातं. मी तो उचलला आणि मशीन मला घेऊन पळालं. वाटेत ठिबकची १६ मिलीमीटरची नळी पातींना गुंडाळली गेली आणि तिच्यासोबत कढीपत्ता. तो मात्र मुळासकट, अगदी व्यवस्थित निघाला.

आणि खालून काय निघालं? अर्ध्या विटा, टाइल्सचे तुकडे, सिमेंटची गोणी, गुटख्याच्या पुड्या. माहितीपत्रकात याला 'खासगी उद्यान' म्हटलं होतं आणि चौरस फुटाने पैसे घेतले होते. या पट्ट्यात पूर्वी मळे होते, द्राक्षं होती. बिल्डरने चांगली माती नेली कुठे कुणास ठाऊक. मला राडारोडा विकला, वर चार बोटं काळी माती पसरून. त्याचा हप्ता मी अजून फेडतोय. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात जिकडे बघाल तिकडे खोदकाम चालू आहे, आणि माझे दोनशे फूट तेवढे कुणाला खोदता येत नाहीत.

नळी भाजीच्या सुरीने कापून काढली. दुकानात पोचायला एक वीस झाले. शंभर रुपये जास्तीचे. "सुरू व्हायला त्रास नाही ना झाला?" दुकानदाराने विचारलं. नाही म्हटलं.

रविवारी कुदळ घेतली.

काल सकाळी शेजारच्या मुलाची स्कूटर अडली. त्याने अर्थातच नानांना बोलावलं. मी गॅलरीतून बघत होतो. नाना आले, एक प्रदक्षिणा घातली, आणि दुधाची पिशवी हँडलला अडकवली.

मी काही खाली गेलो नाही.