‘मॉरिशस–सेशेल्सला दीड महिना, सरळसरळ लूट’ या अभिप्रायाला माल पाठवणाऱ्या एजन्सीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

अभिप्राय वाचला. स्वयंपाकाचं सामान उशिरा पोचल्यामुळे सेशेल्सच्या माहे बेटावरचा तुमचा जेवणाच्या डब्यांचा धंदा रखडला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आमच्या ऑफिसातला मुलगा दर वेळी फोनवर ‘बोट लागली की कळवतो’ एवढंच म्हणायचा, त्यालाही बोललो आहे.

पण तुम्ही लिहिलंत की ‘नकाशावर वीतभर अंतर, त्याला दीड महिना लावला आणि भाडं न्हावा शेव्याहून मॉरिशसला पडतं त्यापेक्षा जास्त घेतलं, ही लूट आहे’. हे लागलं. इथे मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आमचं नाव वडिलांपासून आहे. गोदीवर अजून आमच्या शब्दावर माल सुटतो.

ते वीतभर अंतर साधारण 1,750 किलोमीटरचं आहे. तरी थेट बोट मिळाली असती तर तीन-चार दिवसांत माल माहेवरच्या व्हिक्टोरिया बंदराला लागला असता, हे मीही मानतो. तुमची पेटी इथून निघाली ती सेशेल्स मागे टाकून वर ओमानला, सलाला बंदरात उतरली. तिथल्या यार्डात पुढच्या बोटीत जागा मिळेपर्यंत पडून राहिली आणि मग परत खाली आली. ट्रॅकिंगची लिंक तुमच्याकडे आहे, उघडून बघा. हा रस्ता आम्ही ठरवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बोटी जिथे एका वेळी शेकड्यांनी कंटेनर चढतात-उतरतात तिथेच थांबतात. सेशेल्सची वस्ती लाख-सव्वा लाख, तिच्यासाठी वेगळी बोट कोण लावणार? शिवाय इथून भरून गेलेला कंटेनर तिथून आमच्याकडे भरून येत नाही. त्यांचा टूना डबाबंद होतो आणि युरोपला जातो. म्हणजे रिकाम्या परतीचं भाडंही जाणाऱ्या मालावरच बसतं. भारतातून मॉरिशसला माल एवढा येतो की तिथे हा खर्च वाटला जातो. त्यात तुमचा माल सुटा. कंटेनर भरायला चार लोकांचा माल यावा लागतो, तोवर पेट्या आमच्या गोदामात होत्या. त्याचं भाडं लावलेलं नाही, बिल पाहा. आमची कमाई म्हणजे त्यातली ‘सर्व्हिस’ लिहिलेली शेवटची ओळ. तुमच्या वेळी वादळबिदळ काही नव्हतं, तेव्हा ते निमित्त मी सांगणार नाही.

राग काढायचा तर तो थोडा वरही काढा. हिंद महासागर आयोग 1982 सालापासून आहे. मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस आणि रियुनियन बेट त्यांचं म्हणून फ्रान्स, असे पाच सभासद, कचेरी इथे एबेनला, आमच्यापासून अर्ध्या तासावर. पर्यटकांसाठी हीच बेटं 2010 पासून ‘व्हॅनिला आयलंड्स’ म्हणून एकत्र जाहिरात करतात. पर्यटकाला सगळी बेटं एका माळेत, तुमच्या पातेल्यांना मात्र ओमान! मादागास्करचं तामाताव, कोमोरोसचं मोरोनी, व्हिक्टोरिया, रियुनियन आणि आम्ही, सगळ्यांचा माल एका फेरीत धरला तर एखादी मध्यम बोट नेमाने चालेल असं मला गोदीवर बसून वाटतं. (मोरोनीत मोठी बोट धक्क्याला लागत नाही, माल पडावांतून उतरवतात. तोही खर्च आहेच.) पॅसिफिकमधल्या दहा देशांनी 1977 मध्ये मिळून पॅसिफिक फोरम लाइन काढली. आधी तोटा झाला, सरकारांनी तो सोसला, आणि बोटी चालत राहिल्या. कोणीतरी तोटा सोसल्याशिवाय हे होत नाही. आमच्याच रॉड्रिग्ज बेटाला बोट जाते, कारण ती सरकारी कंपनीची आहे. माझ्यासारख्या एजंटाने कुठून सोसायचा?

आता थोडं तुमच्या बाजूचं, राग मानू नका. यादीत तुम्ही ‘किचनचं सामान’ एवढंच लिहून दिलंत. बिया, मुळं, झाडपाला परवान्याशिवाय सेशेल्सला चालत नाही, हे आमच्या छापील कागदावर आहे आणि त्यावर तुमची सही आहे. व्हिक्टोरियात पेटी उघडली तेव्हा सगळ्यात मोठ्या पातेल्यात, पुरणयंत्राखाली, मोहरीची पुडी आणि हळकुंडं निघाली. पेटी अडकली ती त्यापायी, आणि डेमरेजही (माल बंदरात अडकून राहिल्याचा आकार) त्याच दिवसांचं. आमच्या तिथल्या माणसाने कस्टममध्ये खेपा घातल्या, त्याचे पैसे आम्ही मागितले नाहीत. अभिप्रायात याचा एक शब्द असता तर बरं वाटलं असतं.

यापुढे दर सांगतानाच माल कुठून फिरून जाणार ते लिहून देऊ, जमेल तसं व्हॉट्सअ‍ॅपवरही कळवत राहू. तामाताव आणि व्हिक्टोरियाच्या ओळखीच्या एजंटांशी सुटा माल एकत्र पाठवण्याचं बोलणं चालू आहे, बघू.

वरवंट्याचा टवका उडाल्याचं लिहिलंत. त्याचा आणि बाहेरच्या खोक्याचा फोटो पाठवा. विमा तुम्ही नको म्हणाला होतात, तरी काही होतं का पाहतो. आणि सगळं वाचून पटलं तर त्या एका ताऱ्याचा पुन्हा विचार करा. गणपतीआधीचे दोन-तीन महिने पूजेच्या सामानावर आमचं वर्ष निघतं, आणि इथली मंडळी हल्ली तारे बघूनच फोन करतात.