चार बदकं आणि एक मोदकपात्र

बदकाच्या पिल्लांना दोनच गोष्टी लागतात, असं माझ्या मेव्हण्याने सांगितलं. ऊब आणि पाणी. हे सांगताना तो कोकणातल्या आपल्या पडवीत पाय पसरून बसला होता आणि पिल्लं आमच्या गाडीत चढलेली होती. त्यामुळे ऊब आणि पाणी यांचं आपसात मुळीच पटत नाही, ही बाब त्याने सोयीस्करपणे गाळली. पिल्लू भिजलं की गारठतं, आणि भिजायचं सोडून त्याला दुसरा उद्योग नसतो. पुण्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, ऐन थंडीच्या तोंडावर, या दोघांचा संसार मांडून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पिल्लं खाकी कॅम्पबेल जातीची. 1900 च्या सुमारास इंग्लंडमधल्या अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ही जात तयार केली. नीट खाऊपिऊ घातलं तर यातली मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. पण ती उबवायला बसण्यात तिला रस नाही. म्हणून मेव्हण्याने अंडी एका खुडूक कोंबडीखाली सरकवली होती. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28. वरचा आठवडा त्या माउलीने विनातक्रार काढला, पिल्लं बाहेर आली, आणि लगेचच तिला मुंगसाने नेलं. आमची मुलं दिवाळीच्या सुट्टीत तिथेच होती. पुढचं सांगायला नको. परतीच्या प्रवासात लाडवांच्या डब्याची जागा खोक्याने घेतली, आणि ताम्हिणी उतरेपर्यंत बारसंही उरकलं होतं : चकली, अनारसा, चिवडा आणि कडबोळं.

“पण ही पिवळी का नाहीत?” धाकट्याने विचारलं. चित्रातलं पिल्लू पिवळं असतं. खाकी कॅम्पबेलचं चिखलाच्या रंगाचं असतं. ते किती दूरदर्शीपणाचं आहे, हे आम्हाला मागाहून कळलं.

पहिला प्रश्न उबेचा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. त्यासाठी खोक्यावर बल्ब टांगायचा. आमच्या घरात सगळे एलईडी. वीजबिल कमी व्हावं म्हणून मीच हट्टाने बसवलेले. एलईडीच्या उबेवर ढेकूणसुद्धा उबणार नाही. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब हवा होता. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, तो आता कोण वापरतं? वॉर्म व्हाइट देऊ? दिसायला सेम.” मी म्हटलं, मला दिसायला नको, तापायला हवाय. त्याने मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळे बारीक केले. शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून एक बल्ब काढला, धोतराला पुसला आणि जणू मुलगी देतोय अशा चेहऱ्याने माझ्या हातात ठेवला.

बल्ब तारेने टांगला. किती उंचीवर ठेवायचा हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत बसली तर गारठलीत. कोपऱ्यात पांगून चोची वासून बसली तर भाजताहेत. कुठेही, कशीही, पाय ताणून पसरली तर सुखात आहेत. माझी आई ही पाहणी रात्री दोनला करायची. “अरे, गठ्ठा केलाय बघ,” असं म्हणून मला उठवायची. मी तार खाली घ्यायचो. तीनला, “अरे, चोची उघड्यात रे.” मी तार वर. एकदा वीज गेली तेव्हा तिने गरम पाण्याची बाटली माझ्या बाबांच्या जुन्या कानटोपीत घालून खोक्यात ठेवली, पिल्लं त्या कानटोपीला बिलगून झोपली आणि आई म्हणाली, “तुला एवढं केलं नव्हतं.” ते खरंच आहे.

खाद्याचा मामला त्या मानाने लवकर आटपला. खाद्याच्या दुकानात मी ‘चिक स्टार्टर’ मागितलं, बिनऔषधाचं. मालकाने वही उघडली.

“किती पक्षी?”

“चार.”

“चार हजार.” त्याने लिहिलं.

“नाही, चार.”

“शेड कुठे आहे?”

“हॉलमध्ये.”

त्याने वही मिटली. पन्नास किलोच्या खाली गोणी नव्हती. बऱ्याच आर्जवांनंतर फाटक्या गोणीतलं पाच किलो मिळालं. पण कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात एक उणीव असते. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, त्याहून जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय अधू होतात. त्यावर उपाय ब्रूअर्स यीस्टचा, शिवाय थोडे मटारही चालतात. मटाराचा हंगाम सुरू होता हे आमचं नशीब, आणि पिल्लांना मटार पाण्यात टाकून खायला आवडतात हे आमचं कमनशीब. बायकोने उसळीसाठी सोललेले दाणे वाटीतून घटत चालले, तेव्हा तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे पाहिलं. मुलगी पिल्लांकडे पाहत होती.

आता पाण्याकडे येतो. खरं युद्ध तिथे झालं.

बदकाच्या चोचीच्या वरच्या बाजूला नाकपुड्या असतात. त्या धुता आल्या पाहिजेत, म्हणून पाणी इतकं खोल हवं की अख्खी चोच बुडेल, पण इतकं नको की पिल्लू आत जाऊन बसेल. बरं, कोरडं खाद्य घशात अडकतं, म्हणून खाद्य आहे तिथे पाणी हवंच. एवढी माहिती घेऊन मी एक खोलगट वाडगा ठेवला आणि बाजूला बसून पाहू लागलो. चकलीने खाद्याचा तोबरा भरला. धावत पाण्याशी गेली. चोच नाकापर्यंत बुडवली, आतल्या आत काहीतरी भुरभुर केलं, निम्मं गिळलं, निम्मं पाण्यात सोडलं आणि मान अशी झटकली की थेंब भिंतीवरच्या कॅलेंडरापर्यंत गेले. एकादशी पुसट झाली. मागे अनारसा रांगेत. पाच मिनिटांत वाडग्यात तपकिरी आमटी, खोक्यात चिखल आणि चिखलात चार तृप्त प्राणी. पाणी बदललं. परत आमटी. खाली वर्तमानपत्र घालायची सोय नाही; गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि ते तसेच राहू शकतात. म्हणून धुतलेलं गोणपाट. ओलं गोणपाट बाल्कनीत वाळत घातलं की खालच्या मजल्यावरच्या वहिनी आपले कपडे काढून आत नेत.

(बदकाला शी-शूचं वळण लावता येत नाही. हा मुद्दा मी इथेच सोडतो. कुणी जेवताना वाचत असेल.)

उपाय मला स्वयंपाकघरात दिसला. परातीवर भोकांची चाळणी ठेवायची, चाळणीवर वाडगा. सांडलेलं पाणी भोकांतून परातीत, पिल्लं वर कोरडी. बरोब्बर मापाची चाळणी घरात एकच होती, मोदकपात्रातली. दोन दिवस खोका कोरडाठाक होता आणि मी घरात जरा छाती काढून वावरत होतो. मग संकष्टी आली.

“अहो, मोदकपात्राची चाळणी कुठाय?”

मी म्हटलं, जरा कामात आहे. बायको हॉलमध्ये गेली. चाळणीवर कडबोळं बसलं होतं, शेपूट माझ्याकडे आणि तोंड तिच्याकडे करून. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा खर्च मोठा असतो. संध्याकाळी नवं मोदकपात्र आलं, सोबत दोन पातेली आणि एक इडलीपात्रही आलं, आणि जुनी चाळणी रीतसर पिल्लांच्या नावावर झाली.

आंघोळ हा वेगळाच सोहळा. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. मोठं बदक तिथलं तेल चोचीने घेऊन पिसांना चोपडतं, म्हणून त्याच्या अंगावर पाणी ठरत नाही. पिल्लाच्या अंगावर नुसती लव. ती भिजते. म्हणून कोमट पाणी, चार-पाच मिनिटं, माणूस समोर, आणि लगेच पुसून बल्बखाली. मुलांची शाळा, माझं ऑफिस आणि नळाचं पाणी हे सगळं सकाळी सातला एकत्र येतं, आणि त्याच वेळी बाथरूमच्या टबात चौघंजण बुडी मारून एका काठाहून दुसऱ्या काठाला सुसाट सुटलेली. बाहेरून आईचा आवाज : “त्यांचं होऊ दे आधी, ती लहान आहेत.”

ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी दाखवून दिलं की हंसकुळातली पिल्लं जन्मल्यावर जे हलतं-बोलतं पहिल्यांदा बघतात त्यालाच आई मानून मागे चालू लागतात. त्यांच्या मागे ग्रेलॅग हंसांची पिल्लं चालायची. आमच्या पिल्लांनी मात्र जन्मल्यावर पाहिली ती कोंबडी. तरीही ती माझ्याच मागे लागली. माझ्यात त्यांना कोंबडीचं काय दिसलं, हे घरात कुणी विचारू नये अशी माझी फार इच्छा होती. आईने विचारलंच. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये माझ्या पायाशी ओळीने चौघं येऊन चिवचिवू लागली, तेव्हा साहेब म्हणाले, “तुमच्याकडे लाइन खराब दिसतेय.” लॉरेन्झ यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. मला सोसायटीची नोटीस मिळाली.

नोटिशीचं कारण आवाज. पिसं भरत आली तसा पिल्लांचा चिवचिवाट गेला आणि चकली व अनारसा सकाळी सहाला जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी खणखणीत क्वॅकक्वॅक करू लागल्या. चिवडा आणि कडबोळं नुसतं घसा बसल्यासारखं खरखरत. चेअरमनकाका नोटीस घेऊन स्वतः आले. मी सांगितलं की आता त्यांना बल्ब लागत नाही, पुढच्या रविवारी चौघांनाही कोकणात पोचवतो, तिथे ओहोळ आहे. काकांचा पारा उतरला.

“तसं नाही हो. ती दोन शहाणी आहेत, गप्प असतात. ती राहू देत गच्चीवर. ओरडणाऱ्या दोघींना तेवढं पाठवा.”

मी म्हटलं, “काका, बदकांत मादीच मोठ्याने ओरडते. नराचा आवाज असा बसकाच असतो. अंडी देणाऱ्या त्या ओरडणाऱ्याच.”

“किती देतात?”

“वर्षाला तीनशेच्या घरात. एकेकीने.”

काकांनी नोटिशीची घडी घातली, खिशात ठेवली आणि खोक्यात वाकून पाहिलं. मनातल्या मनात सहाशेला बारा महिन्यांनी भागत होते, ओठ हलत होते.

“मग ही दोन घुमी कशाला ठेवलीत?” ते म्हणाले.