सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

छत्रपती संभाजीनगरला मी पहिल्यांदा गेलो त्याला आता चौदा वर्षं झाली. पॅकेजिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस मी. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कुणाची तरी लाइन बंद पडते, फोन येतो आणि मी रात्री ठाण्याहून देवगिरी एक्स्प्रेस पकडतो. वर्षातून सात-आठ वेळा तरी. एवढ्या फेऱ्यांत मी वेरूळ पाहिलं नव्हतं, अजिंठा तर लांबच. बायकोचा यावर आजही विश्वास नाही.

मुक्काम कायम एकाच हॉटेलात, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मला तिथे परत जायचंय. कंपनीच्या कामाला आलेल्यांना आणि पर्यटकांना, दोघांनाही सोयीचं, अशी त्यांची जाहिरात. पहिल्याबद्दल मी कोर्टात साक्ष देईन. दुसऱ्याबद्दल कधी विचारच केला नव्हता. गेल्या डिसेंबरात आई, बायको आणि मुलीला घेऊन तिथेच उतरलो, तेव्हा करावा लागला.

जागा उत्तम, हे आधीच सांगतो. वाळूज पश्चिमेला, चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला, वेरूळ एका रस्त्याला ३० किलोमीटर, अजिंठा दुसऱ्या रस्त्याला १०० च्या आसपास. स्टेशन रोडला राहिलं की कुठेही निघायला बरं. विमानाने येणारे साहेब लोक जालना रोडची मोठी हॉटेलं घेतात. तिथली गादी चांगली असते म्हणे. आमच्या डीएमध्ये, म्हणजे कंपनीच्या रोजच्या भत्त्यात, ती गादी बसत नाही.

पण नकाशावरची सोय वेगळी आणि घड्याळातली वेगळी. देवगिरी पहाटे चारच्या सुमारास उतरवते. हॉटेलचं चेक-इन दुपारी बाराला. एकटा असतो तेव्हा मला याचं काही वाटत नाही. बॅग काउंटरमागे टाकायची, सोफ्यावर दोन तास पाय पसरायचे, रूमबॉय एखाद्या रिकाम्या खोलीची किल्ली देतो, अंघोळ उरकायची आणि कंपनीच्या गाडीत बसायचं. खोली लागते ती रात्रीच. त्या रविवारी मात्र सोफ्यावर बाहत्तर वर्षांची आई होती, मांडीवर झोपलेली सात वर्षांची मुलगी होती आणि काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे सांगत होता, "सर, आत्ता खोली पाहिजे असेल तर कालचा दिवस लागेल."

पूर्वी स्टेशनजवळच्या लॉजवर '२४ तास चेक-आउट' अशी पाटी असायची. पहाटे चारला आलात तर दुसऱ्या पहाटे चारपर्यंत खोली तुमची. भिंती पोपडे सुटलेल्या, उशीला तेलाचा वास, पण हिशेब सरळ. आता गाडी तीच आहे आणि माणसं त्याच वेळेला उतरतात, फक्त खोलीचा दिवस बाराला सुरू होतो. स्टेशनपासून चालत सात मिनिटं असं जाहिरातीत टाकणाऱ्याने त्या स्टेशनात गाड्या किती वाजता येतात हेही बघावं, एवढंच माझं म्हणणं. कालचा दिवस मी भरला. आईला सांगितलं नाही.

दराचं म्हणाल तर २०४ नंबरची खोली कंपनीच्या नावावर मला २,२०० ला मिळते, कुटुंबाबरोबर तीच ३,१०० ला पडली. यावर मी भांडणार नाही. डिसेंबर म्हणजे त्यांची सुगी, आणि आम्ही कंपनीवाले पावसाळ्यातही त्यांच्या खोल्या भरतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय, तेवढीच फुंकर.

आता मूळ तक्रार. बेत असा होता की रविवारी आराम आणि बीबी का मकबरा, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, रात्रीची गाडी. दोन्ही दिवसांची टॅक्सी मी हॉटेलच्याच काउंटरवरून ठरवली. मुलाने वहीत लिहून घेतलं, सोमवार अजिंठा, मंगळवार वेरूळ. ॲडव्हान्स घेतला, पावती दिली. रविवारी रात्री साडेनऊला ड्रायव्हरचा फोन आला. "साहेब, हे कुणी लिहिलं? अजिंठा मंडे को बंद रहता है. आणि वेरूळ मंगळवारी बंद."

म्हणजे शक्य असलेल्या दोन क्रमांपैकी जो शंभर टक्के चुकीचा, तोच मी निवडला होता. गाढवपणा माझाच, बायकोने तो नीट समजावून सांगितला. पण ही दोन्ही लेणी १९८३ सालीच जागतिक वारशाच्या यादीत गेलीत. या शहरात पर्यटक येतो तो मुख्यतः या दोन ठिकाणांसाठी. पर्यटकांना सोयीचं म्हणवणाऱ्या हॉटेलात टॅक्सी लिहून घेणाऱ्याला दोन सुट्ट्या पाठ नसाव्यात? वाळूजच्या कुठल्या कंपनीचा कुठला गेट, जनरल शिफ्टची गाडी किती वाजता, हे त्याच मुलाला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. मुलगा हुशार आहे. त्याच्यासमोर बारा महिने माझ्यासारखेच लोक उभे असतात, त्याला लेण्यांबद्दल कुणी विचारतच नाही.

क्रम उलटा केला. सोमवारी वेरूळ झालं. ३४ लेण्यांपैकी आम्ही जेमतेम सात-आठ पाहिली, पण कैलास म्हणजे १६ नंबरचं लेणं अगदी समोरच आहे, आईला फार चालावं लागलं नाही. वरून खाली कोरत आणलेलं देऊळ! मी व्यवसायाने मशीनवाला, एक होल चुकलं तर पार्ट भंगारात. तिथे उभं राहून माझ्या डोक्यात एवढंच येत होतं की इथे चूक झाली असती तर दुसरा दगड कुठून आणला असता? याहून जास्त बोलत नाही, जाऊन बघा. मंगळवारी नको.

मंगळवारी अजिंठा, आणि परत घड्याळ. लेणी नऊला उघडतात, गर्दीच्या आधी पोचायचं तर साडेसहाला निघायला हवं. खोलीबरोबरचा फुकट नाश्ता साडेसातला, कारण वाळूजच्या गाड्या सव्वाआठला लागतात. चार ब्रेड-बटर बांधून द्या म्हटलं, तर किचन सातला उघडतं. शेवटी सिल्लोडच्या अलीकडे एका टपरीवर पोहे खाल्ले. ते हॉटेलातल्यापेक्षा चांगले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. अजिंठ्याला गाडी फाट्यावर ठेवून बसने चार किलोमीटर आत जावं लागतं, मग पायऱ्या. आईसाठी डोली केली. लाजत बसली आणि दहा मिनिटांत डोलीवाल्यांच्या घरची सगळी माहिती काढली.

चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. बाराला खोली सोडायची म्हणून सामान सकाळीच खाली ठेवलं होतं, त्याचा एक रुपया घेतला नाही. संध्याकाळी धुळीने माखून परतलो तेव्हा जुन्या रूमबॉयने कुणालाही न विचारता एक खोली उघडली आणि म्हणाला, "आजी, गिझर लावलाय, सावकाश आवरा." फक्त एक बादली वापरा, हेही सांगितलं. या शहरात पाणी पैठणहून, जायकवाडीतून येतं, आणि नळाला कधी येईल ते नळालाच ठाऊक. हॉटेलं टँकरवर चालतात. रविवारीच आम्ही पाणचक्की पाहिली होती. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणून त्यावर जातं फिरवायचं आणि फकिरांना, वाटसरूंना पुरेल एवढं पीठ दळायचं, असा तो कारभार. तिथल्या दर्ग्यातल्या सूफी संताचं नावच बाबा शाह मुसाफिर. आई बादली बघून म्हणाली, "मुसाफिरांची सोय तेव्हा बरी होती म्हणायची."

निघताना आईने काउंटरवरून हॉटेलचंच एक लेटरहेड मागून घेतलं. तीस वर्षं शाळेत फळा लिहिलेला हात. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद.' आणि त्या मुलाला म्हणाली, "बाळा, हे काचेखाली ठेव."

जानेवारीत वाळूजला एका कंपनीच्या पॅकेजिंग मशीनचं सीलिंग युनिट बंद पडलं, पुन्हा गेलो. पहाटे सव्वाचारला काउंटरवर कोपर टेकवलं तर काचेखाली, शिफ्टच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या नंबरशेजारी, आईचं अक्षर. तो मुलगा म्हणाला, "सर, आजींना सांगा, आता नाश्ता साडेसहालाच चालू केलाय. सीझनपुरता."

चेक-इनचं विचारलं. ते बारालाच. मी सोफ्यावर पाय पसरले.