दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला?

थ्री माइल आयलंडच्या अणुअपघाताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: "यंत्रं सगळं सांगत होती, ऑपरेटरांनीच लक्ष दिलं नाही." २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया, पहाटेचे चार. तिथे काय झालं ते नीट पाहिलं, तर हे वाक्य टिकत नाही.

"दिवा समोरच होता." होता, पण कशाचा? भट्टीतला दाब सोडायला उघडलेला व्हॉल्व्ह काही सेकंदांत मिटायला हवा होता. तो अडकून उघडाच राहिला, आणि त्यातून भट्टीचं पाणी निसटत राहिलं. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. व्हॉल्व्हला 'उघड' सांगणारा वीजसंकेत चालू आहे की थांबला, एवढंच त्याला कळत होतं. म्हणजे विझलेल्या दिव्यामागे दोन शक्यता: व्हॉल्व्ह मिटला, किंवा अडकला. अर्धवट निरीक्षणांवरून लपलेली अवस्था ओळखण्याच्या शास्त्रात म्हणूनच एका अवस्थेवर बोट ठेवत नाहीत, शक्य अवस्थांचा संच बाळगतात. दिसलेल्या घटनेशी न जुळणाऱ्या अवस्था गाळायच्या, आणि न दिसणाऱ्या घटनांनी पोहोचता येईल त्या भरायच्या. पहाटे चार वाजता हे दुसरं काम कोण करतो? 'अडकला' ही घटना तर कुठल्याच दिव्याला दिसत नव्हती.

"अलार्म वाजत होते की!" शंभराहून जास्त. नोंदी छापणारा प्रिंटर मात्र तासाहून अधिक मागे पडला होता. कागदावर उमटत होता तो भूतकाळ.

"पाण्याची पातळी तरी पाहायची." पाहिली, आणि घात तिथेच झाला. अणुभट्टीच्या पात्राला स्वतःचा पातळीमापक नव्हता. प्रेशरायझरमधली, म्हणजे भट्टीला जोडलेल्या दाब राखणाऱ्या टाकीतली, पातळी पाहून अंदाज बांधायचा. तिथे पाणी चढलेलं दिसत होतं, कारण खाली वाफ साठत होती. पात्र भरलं असं समजून त्यांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. शेवटी भट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असलेल्या भागाचा, जवळपास अर्धा भाग वितळला.

एक मात्र मान्य. व्हॉल्व्हच्या पुढच्या नळीचं तापमान जास्त होतं, म्हणजे शक्यता गाळायला धागा होता. पण तो व्हॉल्व्ह आधीपासून गळका, त्यामुळे गरम नळीची सगळ्यांना सवयच झालेली! आणि व्हॉल्व्हमधून निसटलेलं पाणी जिथे जमा होतं त्या निचरा टाकीचे मापक मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला.

दोन तासांहून अधिक वेळाने, शिफ्टवर नव्याने आलेल्या सुपरवायझरने त्याच मार्गावरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. दाब वाढू लागला.