ॲम्बॅसेडरला हेडर: चार नळ्यांच्या दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडील जुन्या गाड्यांच्या शौकिनांत सध्या एक संदेश फिरतो आहे. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दल, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागाबद्दल, आणि त्याच्या जागी बसणाऱ्या हेडरबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या नळ्यांच्या जुडग्याबद्दल आहे. ‘ॲम्बॅसेडरचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर बसवा, चार सिलिंडरांना चार स्वतंत्र नळ्या मिळून ताकद वीस टक्के वाढते, दुसरे काही बदलावे लागत नाही, आणि तडकलेला मॅनिफोल्ड तसाही भंगारच,’ असे त्यात म्हटले आहे. १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनापुरते तरी यातले काहीच टिकत नाही.

मुळात या इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) धूर बाहेर पडण्याची तोंडे चार नाहीत, तीन आहेत. मधल्या दोन सिलिंडरांचे तोंड एकच असल्याने आतच एकत्र झालेला धूर बाहेर नळ्या वाढवून वेगळा होत नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मूळचेच असतील, तर हेडरचा जो काही फायदा मिळतो तो मुख्यतः इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांना. चोर्ला घाट चढताना मात्र लागते ती कमी फेऱ्यांवरची ओढ.

‘दुसरे काही बदलावे लागत नाही’ हा दावा सर्वांत घातक आहे. इनटेक (मिश्रण आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला असून शेजारशेजारच्या फ्लँजांना (जोडाच्या चपट्या कडांना) एकच जाड वॉशर दाबून धरतो. हेडरची फ्लँज अर्धा मिलिमीटर जरी पातळ निघाली, तरी वॉशर इनटेकवरच टेकतो आणि एक्झॉस्टकडून टकटक ऐकू येऊ लागते. जाड निघाली तर इनटेक हवा ओढतो, मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो आणि पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. शिवाय पातळ नळ्यांची धग थेट वरच्या कार्ब्युरेटरला लागते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, इंजिनातील मोठा फेरफार चालत नाही. अशा नोंदणीची इच्छा असणाऱ्याने मूळ मॅनिफोल्ड टाकून देणे मला तरी अक्षम्य वाटते.

आणि ज्या बेळगाव शहरात उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत आहे, बिडाच्या ओतकामावर कितीतरी घरे चालतात, तिथे तडकलेले बीड भंगार ठरावे, याचे वाईट वाटते. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून ती पुढे सरकणे थांबवावे, मॅनिफोल्ड सावकाश तापवून निकेलच्या रॉडने वेल्डिंग करावे आणि तो राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्यावा. नंतर तोंडे मशीनवर सपाट करून त्यांवर स्टीलची पट्टी धरावी. पट्टीखालून उजेड दिसला नाही, की तोच मॅनिफोल्ड नव्या गॅस्केटसह आपल्या मूळच्या स्टडांवर बसतो.