शेळ्या जाईपर्यंत खेळ बंद

परवाच्या रविवारी म्हसरूळच्या पुढे एका माळावर मी चाळीस मिनिटं गॉगल लावून नुसता घाम गाळत उभा होतो. नियम आमचाच, म्हणजे एअरसॉफ्टवाल्यांचा: खेळण्यातल्या बंदुकांनी बारीक गोळ्या मारत लुटुपुटूची लढाई खेळणाऱ्यांचा. परका माणूस दिसला की खेळ बंद, बंदुकीतून गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, नळी जमिनीकडे. नळीत एखादी गोळी अडकलेली असू शकते, म्हणून गॉगल मात्र डोळ्यांवरच.

परका माणूस म्हणजे एक बाबा आणि अकरा शेळ्या. शेळ्या पाच मिनिटांत गेल्या असत्या. बाबा बोरीखाली बसले.

"काय करून ऱ्हायले? बिबट्या दिसला का?"

नाशकात हातात बंदूक दिसली की दुसरं काही सुचतच नाही लोकांना. खेळण्यातली आहे हे कळावं म्हणून एवढी नारिंगी टोकं लावलेली, ती कोण बघतो!

"नाही बाबा, खेळ आहे. एअरसॉफ्ट. आम्ही एकमेकांनाच मारतो."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "कशावरून भांडण?"

"भांडण नाही हो. गोळी लागली की 'हिट' म्हणायचं, हात वर करून बाहेर जायचं."

"ज्याचं त्यानंच सांगायचं, मेलो म्हणून?"

"हो."

"अन् नाही सांगितलं तर?"

आता काय बोलणार? आमच्यातला सीए तीन रविवारांत एकदाही मेलेला नाही. बाबांनीही नेमकं त्याच्याकडेच बघितलं.

मग त्यांनी एक गोळी उचलली. सहा मिलिमीटरची, वजन 0.20 ग्रॅम. "शेळीनं खाल्लं म्हंजे?"

"मातीत विरघळणारी आहे, महागातली."

"कधी विरघळंल?"

"सावकाश."

"शेळीच्या आधी का नंतर?"

बेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यांची तक्रार असताना, मी रांगत गोळ्या वेचल्या. गोळ्या थोड्या, बिअरच्या बाटल्यांच्या काचाच जास्त. तेव्हा मात्र डोकं फिरलं. चौकीत सांगून आलो, बंदुका बंद बॅगेतून आणल्या, पायवाटेच्या दोन्ही टोकांना पाट्या लावल्या. रात्री इथे बाटल्या फोडणाऱ्यांनी कुठली पाटी लावली होती?

"त्यांना का नाही हो विचारत?" मी वैतागून म्हणालो.

"ते कुठं ऐकत्यात? तुम्ही ऐकता."

एवढं बोलून बाबा उठले. एक शेळी माझ्या किटबॅगेवरचं लाल फडकं, मेलेल्यानं डोक्यावर धरायचं ते, चघळत त्यांच्यामागे गेली.

"तसं मला ती मघाची लागलीच नव्हती," सीए म्हणाला.