दाजी, हप्ता थांबवू नका

गेल्या आठवड्यात अक्काकडे गेलो होतो, सोलापुरात अक्कलकोट रोडला. चहा यायच्या आत दाजींनी मोबाईल पुढे केला. पाच मुद्द्यांचा मेसेज, वर तिरंगा, खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. मजकूर थोडक्यात असा: शैक्षणिक कर्ज माफ होणार आहे, हप्ते थांबवा. कर्जाचे ७५ टक्के सरकारच बँकेला भरतं. साडेसात लाखांपर्यंत तारण नसतं, म्हणून बँक काही करू शकत नाही. शिकत असेपर्यंत व्याज लागत नाही. आणि मुलांसाठी साठवायचं तर विमा पॉलिसीच घ्या, पीपीएफ-सुकन्यासारख्या सरकारी बचत योजनांत पैसे अडकतात.

मी हसलो. मग अक्का आतून म्हणाली, दोन हप्ते भरलेच नाहीत यांनी. भाचा त्याच्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यासाठी पुण्याहून दर महिन्याला पैसे पाठवतो, ते इकडे दाजींच्या मागांच्या कारखान्याच्या सुतात गेले. दाजींचं उत्तर तयार: “अरे, सगळेच म्हणलालेत की माफ होणार म्हणून!”

सगळे म्हणजे कोण, ते काही कळलं नाही. महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी झाली ती शेतकऱ्यांची. शैक्षणिक कर्जाचं मुद्दल राज्यानं किंवा केंद्रानं असं सरसकट कधी माफ केलेलं नाही. पहिला मुद्दा इथंच संपला.

डोकं फिरलं ते दुसऱ्यानं, कारण त्यात चिमूटभर खरं आहे. शैक्षणिक कर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी त्यातून बँकेला मिळते. बँकेला! कर्जदाराला नाही. बँकेनं वसुली चालूच ठेवायची असते. दाजींना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं, “तुम्ही सुताचे पैसे बुडवलेत आणि मधल्या दलालानं व्यापाऱ्याला थोडे भरून दिले, तर तुमची उधारी मिटली का?” दाजी म्हणाले, “दलाल माझ्या दारात बसंल की.” तेच तर सांगतोय.

तिसऱ्या मुद्द्यासाठी कर्जमंजुरीचं पत्र काढायला लावलं. ते कपाटात, साड्यांच्या खाली सापडलं. सरकारी बँका ज्या नमुन्यावर शैक्षणिक कर्ज बेततात, ती इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श योजना. तिच्यात पालक सहकर्जदार असतो. पत्रावर भाच्याच्या शेजारी दाजींची सही आहे. तारण नाही म्हणजे घर गहाण नाही, एवढंच. देणं दोघांचं आहे, बँक दोघांवर दावा लावू शकते. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, आणि कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलला नोंद दोघांच्याही नावावर लागते. “तुमच्या कारखान्याचं खेळतं कर्ज, ती कॅश क्रेडिट, नूतनीकरणाला कधी आहे?” एवढं विचारलं आणि दाजींनी पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला. माफीच्या नादात स्वतःच्या मागांचं खेळतं भांडवल अडकवून घ्यायचं, ही कुठली अक्कल?

चौथा मुद्दा निम्मा खरा आहे, हे नाइलाजानं मान्य करतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम नियमात बसत असेल, तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. बाकीच्यांना व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, फक्त भरायचं नंतर असतं. हिशेब करून बघा. चार वर्षं दरवर्षी दीड लाख उचलले, १० टक्के सरळव्याज, शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही. पहिला हप्ता सुरू होताना ६ लाखांचे ८ लाख १० हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीत ७,९०० चा हप्ता १०,७०० वर जातो. पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये व्याज भरत गेलं असतं तरी हा डोंगर कमी झाला असता. शिकतानाच व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. हे मेसेजमध्ये का नाही?

पाचव्यावर फार बोलत नाही, कारण अशी एक पॉलिसी माझ्याही गळ्यात आहे. मध्येच मोडली असती तर भरलेले सगळे परत आले नसते, म्हणून ओढतोय. सुकन्यात पैसे अडकतात हे खरं. पण मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. म्हणजे नेमकी फी भरायच्या वेळी. व्याज सध्या ८.२ टक्के. खातं मात्र मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं.

आणि राग येतो तो मेसेजमध्ये जे नाही त्याचा. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्यानं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलंय. अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. खरी माफी ती आहे, आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

दाजी सोमवारी शाखेत गेले, दोन्ही हप्ते दंडासकट भरून आले. भाच्याला यातलं काही माहीत नाही. अक्का म्हणते, मी सांगते. दाजी म्हणतात, सुताचा भाव उतरू दे, मग सांग.